एसएसडी ‘गेली’ म्हणण्याआधी आकडे दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विंडोज १० ची मुदत संपल्याबद्दलचा लेख वाचला. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार बंद झाला, ही माहिती बरोबरच आहे. पण लेखाच्या शेवटी एक वाक्य आहे : संगणक चार-पाच वर्षांचा असेल आणि संथ झाला असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवा घ्यावा. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. गणपतीच्या तोंडावर हाच सल्ला मला दुकानात मिळाला होता. तो ऐकला असता तर पैसे गेले असतेच, पण पैशांनी परत न येणारं बरंच काही त्याबरोबर गेलं असतं.

मी चिपळूणला राहते. घरातच टंकलेखन आणि डीटीपीची कामं करते, त्याला सव्वीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, आणि शिमगा-गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबाच्या गाण्यांच्या, सामन्यांची हँडबिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझा जुना संगणक टेबलाखाली होता. पाणी छातीच्या वर चढलं. तिसऱ्या दिवशी चिखलातून तो बाहेर काढला. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, चाळीस मिनिटांच्या. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. सासूबाई २०१६ मध्येच गेल्या. त्या ओव्या आता कुठेही नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात नवा संगणक जोडून घेतला. आठ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी माहिती साठवणारा चिपांचा भाग. बटण दाबल्यावर वीस सेकंदांत काम सुरू करता येई. या संगणकावर पोटापाण्याच्या कामाखेरीज मी एक गोष्ट केली. नमन हे आमच्या कोकणातलं लोकनाट्य. आमच्या गावच्या एका जुन्या खेळ्याकडून, म्हणजे ते सादर करणाऱ्या कलाकाराकडून, त्यांना तोंडपाठ असलेलं नमन, गणापासून वगापर्यंत, ऐकत ऐकत टंकून काढलं. १८० पानं झाली. सोबत त्यांच्या आवाजाच्या फायलीही आहेत. गेल्या वर्षी ते वारले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संगणक हळूहळू अडखळायला लागला. पत्रिकेची फाईल सेव्ह करायला चाळीस सेकंद. माऊसचा बाण हलतो, पण क्लिक केलं तर काहीच होत नाही. मध्येच अर्धा मिनिट सगळं गोठून बसतं आणि मग आपोआप चालू होतं. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कपुढे १००% दिसायचं, आणि प्रत्यक्षात वाचन-लेखन मात्र सेकंदाला एक-दीड एमबी. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, चाकरमानी यायला लागले होते, हँडबिलांची गर्दी. मी संगणक उचलून दुकानात नेला.

दुकानदाराने तो चालू केला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “ताई, एसएसडी गेली. चार वर्षं झाली ना, एवढंच आयुष्य असतं त्यांचं. आत्ता फॉरमॅट मारून बघतो, नाही चाललं तर मशीनच नवीन घ्या.” अडतीस हजारांचा अंदाज दिला. फॉरमॅट मारण्याआधी आत काय आहे, त्याची प्रत आहे का, हे त्याने विचारलं नाही. मी हात धरला म्हणून थांबला. त्याचं नाव मी देत नाही, कारण प्रश्न त्या एका माणसाचा नाही. त्यानंतर ओळखीच्या सात-आठ घरांत विचारलं, तर बहुतेकांना कुठे ना कुठे हेच ऐकायला मिळालं होतं.

एसएसडीवरचं फॉरमॅट किती घातक असतं ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. जुन्या हार्ड डिस्कवर साधं फॉरमॅट झालं तरी माहिती आत पडून राहायची आणि जाणकार माणूस ती बरीचशी काढून देऊ शकायचा. एसएसडीवर विंडोज फॉरमॅट करतानाच चिपला सांगून टाकते की ही सगळी जागा आता मोकळी आहे. मग एसएसडी ती जागा आतून पुसून टाकते आणि माघारी काही उरत नाही. ‘बघतो’ म्हणून करायची ही गोष्टच नाही.

संगणक तसाच घरी आणला. शेजारचा मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो, गणपतीला घरी आला होता. तो म्हणाला, “काकी, आधी कॉपी काढू. मग काय ते शोधू.” संथ तर संथ, पण वाचता येत होतं. नमनाची पानं आणि आवाजाच्या फायली पहिल्यांदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या आणि पुन्हा एका पेन ड्राइव्हवर. त्याला अख्खी रात्र गेली. त्यानंतरच आम्ही बाकीच्याला हात लावला.

पहिलं कारण सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ दिसते, कारण कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्या २२३ मध्ये मोकळी जागा उरली होती सहा जीबी. फोनमधून उतरवलेले फोटो, गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चित्रं, एकाच पत्रिकेच्या नऊ-नऊ प्रती, आणि डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये चार वर्षांचा साठा. जागा भरली तर नवीन फाईल मावणार नाही एवढं मला कळत होतं. पण जी जागा भरलेली आहे तिच्यामुळे सगळा संगणकच का थांबावा, हे कळत नव्हतं. त्या मुलाने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, नँड फ्लॅश जातीच्या चिपा असतात. तोशिबात काम करणारे फुजिओ मासुओका यांनी ही कल्पना काढली आणि १९८७ मध्ये ती जगापुढे आली. या चिपेत लिहिण्याची सगळ्यात लहान जागा म्हणजे ‘पेज’, म्हणजे पान. हे पान पंगतीतल्या पानासारखं समजावं. एकदा वाढलेल्या पानावर दुसऱ्याला बसवता येत नाही. आणि एकेक पान उचलून तेवढीच जागा पुसायची सोयही नाही, उठवायची तर अख्खी पंगत. या पंगतीला ‘ब्लॉक’ म्हणतात, तिच्यात शेकडो पानं असतात. पंगत उठवायच्या वेळी कुणाचं जेवण चालू असेल तर त्याचं पान आधी दुसऱ्या पंगतीत नेऊन मांडायला हवं. घरात ओटी, पडवी, माजघर मोकळं असेल तर हे भराभर होतं. सगळं घर माणसांनी भरलेलं असेल तर दारात आलेल्या एका पाहुण्यासाठी पन्नास पानं इकडून तिकडे करावी लागतात. तो वेळ आपल्याला पडद्यावर गोठलेला दिसतो.

स्वस्त एसएसडीत याला आणखी एक जोड असते. तिच्या एकेका कोषिकेत, म्हणजे चिपेतल्या सगळ्यात लहान कप्प्यात, तीन किंवा चार बिट साठवतात, त्याला वेळ लागतो. म्हणून मोकळ्या कोषिकांपैकी काहींमध्ये एकेकच बिट घाईघाईने लिहून घेतात आणि सवडीने ते नीट लावतात. खोक्यावर छापलेला ५०० एमबीचा वेग बहुतेक या घाईच्या जागेचाच असतो. एसएसडी भरत गेली की घाईची जागा आक्रसते, आणि चार बिटवाली एसएसडी मोठी फाईल लिहिताना हार्ड डिस्कच्या वेगाला, कधी त्याच्याही खाली येते. म्हणून निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवायची. आम्ही नव्वद जीबी माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवला. फरक पडला, पण पुरेसा नाही.

दुसरं कारण कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण ते कुणीतरी ‘सुधारणा’ म्हणूनच करून ठेवलेलं होतं. आपण फाईल पुसतो तेव्हा विंडोज फक्त आपल्या यादीतून नाव काढते. चिपला ते कळायला निराळा निरोप लागतो, त्याचं नाव ‘ट्रिम’. हा निरोप गेला नाही तर एसएसडीला वाटतं की पाहुणा अजून जेवतोच आहे, आणि खरकटी पानंसुद्धा ती जपून एका पंगतीतून दुसरीकडे नेत बसते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे आणि ती मुळात चालूच असते. माझ्याकडे ती बंद होती. दोन वर्षांपूर्वी घरी आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने संगणक पळवण्यासाठी म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, त्यानेच ती बंद केली असावी असा त्या मुलाचा कयास. शिवाय ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकीतलं दर आठवड्याचं वेळापत्रकही बंद होतं. हार्ड डिस्कसारखं एसएसडीचं डिफ्रॅग करायचं नसतं, हे खरं. म्हणून लोक ते वेळापत्रकच बंद करतात. पण समोर एसएसडी आहे हे विंडोजला कळतं, आणि त्या वेळापत्रकात ती राहून गेलेले ट्रिमचे निरोप पुन्हा पाठवते. हे मला दुकानात आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तपासायची रीत सोपी आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचा आणि ‘एफएसयुटिल बिहेविअर क्वेरी डिसेबल-डिलीट-नोटिफाय’ ही आज्ञा द्यायची. शेवटचे तीन शब्द इंग्रजीत जोडूनच लिहायचे, मध्ये रेघही नको. उत्तर ० आलं तर ट्रिम चालू, १ आलं तर बंद. शून्य पाहून बंद आहे असं समजू नका. प्रश्नच ‘निरोप थांबवला आहे का’ असा आहे, म्हणून शून्य म्हणजे थांबवलेला नाही. १ असेल तर क्वेरीच्या जागी सेट लिहून शेवटी ० द्यायचं. आम्ही ते दिलं, ऑप्टिमाइझचं बटण दाबलं, वेळापत्रक चालू केलं आणि झोपेची वेळ ‘नेव्हर’ करून संगणक रात्रभर नुसता चालू ठेवला, म्हणजे एसएसडीला आतल्या पंगती उठवायला सवड मिळावी. सकाळी लिहिण्याचा वेग सेकंदाला ३१ वरून ४१० एमबीवर आला होता.

तरीही मधूनच ते अर्ध्या मिनिटाचं गोठणं चालूच होतं. मी इथेच थांबले असते आणि दुकानदाराचं खरं म्हटलं असतं. पण त्या मुलाने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. एसएसडी स्वतःच्या प्रकृतीची नोंद आतल्या आत करत असते, ती ‘स्मार्ट’ नावाची यादी हे सॉफ्टवेअर दाखवतं. त्यात माझ्या एसएसडीचे चालू तास ९,२०० होते. एकूण लिहिलेला मजकूर १४ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी), आणि तिच्या कंपनीने ८० टीबीपर्यंतची हमी दिलेली. खराब होऊन बदललेल्या जागा शून्य. उरलेलं आयुष्य ८४%. दुकानात जिला दोन मिनिटांत मेलेली ठरवलं, तिचं सहा आण्यांचं आयुष्यसुद्धा सरलेलं नव्हतं.

त्याच यादीत एक ओळ होती, सी७ क्रमांकाची, सीआरसी चुकांची. समोर लिहिलं होतं १ए३. हे सॉफ्टवेअर आकडे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीत दाखवतं, म्हणून त्यात अक्षरंही येतात. सेटिंग बदलून दशमानात आणलं तर ते ४१९ निघाले. दुसऱ्या सकाळी ४७२. ही मोजणी एसएसडीच्या आतल्या बिघाडाची नसते, एसएसडी आणि मदरबोर्ड (संगणकाची मुख्य पाटी) यांच्यामधल्या वाटेवर पत्र फाटून पुन्हा मागवावं लागलं, त्याची असते. म्हणजे केबल किंवा तिचं तोंड. खोकं उघडलं तर केबलचं टोक सैल बसलेलं आणि त्याच्या पट्ट्यांवर काळपट थर. आमच्याकडची पावसाळ्यातली दमट हवा कपाटातल्या ताट-वाट्यांनाही सोडत नाही. सव्वाशे रुपयांची नवी केबल आणून लावली. हा आकडा कमी कधीच होत नाही, वाढायचा तेवढा थांबतो. तो ४७२ वर थांबला, आज पत्र लिहितानाही ४७२ आहे. गोठणं बंद झालं.

हँडबिलं वेळेवर गेली. एकूण खर्च केबलचा, आणि यूपीएसच्या नव्या बॅटरीचा. बॅटरी एवढ्यासाठी की लिहिता लिहिता वीज गेली तर एसएसडीचा ‘कुठे काय ठेवलं’ हा हिशेबच बिघडू शकतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज दिवसातून कितीदा जाते ते सांगायला नको.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. दोन अँटीव्हायरस एकावेळी चालू असतात, रॅम अपुरी पडून सगळा भार डिस्कवर येतो, नव्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई नावाची जास्त वेगवान एसएसडी तापली की स्वतःहून मंदावते. कधी दोष कंपनीकडचाही असतो. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ एसएसडीत जुन्या फायली फार सावकाश वाचल्या जातात, हे २०१४ मध्ये उघड झालं. कोषिकांतला विद्युतभार काळाने थोडा सरकत होता. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये आतलं सॉफ्टवेअर बदलून दिलं. आणि एसएसडी मरतेही. बदललेल्या जागांचा आकडा आठवड्या-आठवड्याला चढत असेल, फायली उघडेनाशा होत असतील, संगणक चालू करताना ती मधूनच दिसेनाशी होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा खडखड करते. एसएसडी आवाज करत नाही, बऱ्याचदा अचानक जाते.

मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. गावच्या बंद घरातल्या कपाटात एसएसडीवर फोटो ठेवून जाऊ नका. कोषिकेतला भार वीज नसताना हळूहळू गळतो. या उद्योगाच्या जेडेक नावाच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की लिहिण्याची हमी संपेपर्यंत वापरल्यानंतर, ३० अंश तापमानात, विजेविना तिने एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी एसएसडी त्याहून खूप जास्त काळ धरते. तरीही कपाटासाठी हार्ड डिस्क बरी, आणि तीही एका जागी एकच नको.

आता माझं मागणं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. मग ‘एसएसडी गेली’ असं सांगणाऱ्याने ते कशावरून ठरवलं हे कागदावर का देऊ नये? रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेने नुसतं ‘रक्त कमी आहे’ सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का? आकडा मागतोच ना! दुरुस्तीच्या पावतीवर पाच नोंदी असाव्यात : मोकळी जागा किती, ट्रिम चालू की बंद, बदललेल्या जागा किती, सीआरसी चुका किती, उरलेलं आयुष्य किती टक्के. दहा मिनिटांचं काम आहे. त्या दहा मिनिटांचे शंभर रुपये घ्यावेत, मी आनंदाने देईन. आणि फॉरमॅट करण्याआधी ‘प्रत काढली आहे’ या ओळीखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

विकणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. खोक्यावर फक्त जीबी आणि वेग छापतात. कोषिकेत तीन बिट आहेत की चार, आणि घाईची जागा संपल्यावर वेग किती उरतो, हे छापत नाहीत. २०२१ मध्ये तर मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलल्याची, आणि बदललेली चिप मंद असल्याची प्रकरणं परदेशातल्या परीक्षकांनी उघडकीला आणली होती. पिठाच्या पिशवीवर गहू कुठला ते छापतात, मग यावरही छापायला हवं.

आपल्या पुरवणीत या पाच नोंदींचा एक चौकोन छापलात तर मी तो कापून चिपळुणातल्या प्रत्येक संगणकाच्या दुकानात स्वतः नेऊन देईन. आमच्या पेठेपासून सुरुवात करते. ज्या दुकानदाराने माझा संगणक पाहिला होता, त्याच्याकडे मी गेल्या आठवड्यात जाऊन आले, ४७२ चा आकडा आणि काळवंडलेली केबल दोन्ही दाखवली. त्याने केबल हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि सॉफ्टवेअरचं नाव लिहून घेतलं.

आपली,
एक वाचक
चिपळूण, जि. रत्नागिरी